पीडीएफ-कुलूप-मीमांसा

शास्त्रग्रंथाने आरंभीच आपला विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी सांगून टाकावेत, असा जुना दंडक आहे. तो पाळतो. विषय: ईमेलला जोडून येणारी कुलूपबंद पीडीएफ. प्रयोजन: ते कुलूप नेमके कोणाला अडवण्यासाठी असते, याचा निर्णय. संबंध: बचत खात्याचा. अधिकारी: आपल्याच खात्याचे स्टेटमेंट उघडताना ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असा निवाडा ज्याला निमूटपणे वाचून घ्यावा लागला, असा कोणीही गृहस्थ किंवा गृहिणी. फलश्रुती म्हणून मोक्षाचे आश्वासन देता येत नाही. स्टेटमेंट उघडले तरी पुष्कळ झाले.

मूळ वचन असे: ‘आपल्या सुरक्षिततेसाठी सोबतची फाइल पासवर्डने संरक्षित केली आहे. आपल्या नावाची पहिली चार अक्षरे कॅपिटलमध्ये आणि त्यानंतर जन्मतारखेतील दिवस व महिना, हा आपला पासवर्ड.’ हे वचन थोड्याफार पाठभेदांनी देशभर आढळते. चतुरक्षरी-दिनमास हा त्यातला सर्वांत जुना दिसणारा संप्रदाय. त्याखेरीज जन्मवर्षवादी आहेत, पॅनवादी आहेत, मोबाइलचे शेवटचे चार आकडे मानणारे आहेत आणि ग्राहक क्रमांकाला भजणारेही आहेत. तो क्रमांक मात्र कुलूपबंद स्टेटमेंटच्या आतच सापडतो. सगळ्या संप्रदायांत एक तत्त्व समान आहे. कुलूप, किल्ली बनवण्याची कृती आणि मालकाचे नाव या तिन्ही वस्तू एकाच मेलमध्ये पाठवाव्यात.

यावर सर्वांत सखोल भाष्य आधार प्राधिकरणाचे आहे. ई-आधारची पीडीएफ नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरे आणि जन्मवर्ष एवढ्याने उघडते. केवळ सूत्र सांगून प्राधिकरण थांबलेले नाही, त्याने उदाहरणेही दिली आहेत. सुरेश कुमार, जन्म १९९०, पासवर्ड ‘एस-यू-आर-ई-१९९०’. इथवर बालबोध आहे. मग येतात साई कुमार. ‘साई’ रोमन लिपीत तीन अक्षरांत आटोपतो, मग चौथे कुठून आणायचे? आडनावातला ‘के’ उचलायचा. म्हणजे नाव आणि आडनाव यांच्यामधली मोकळी जागा मोजायची नाही, हा सिद्धांत प्रस्थापित झाला. तिसरे उदाहरण पी. कुमार यांचे. त्यांचा पासवर्ड पी, टिंब, के, यू आणि १९९०. तात्पर्य, टिंब हे अक्षर आहे, पोकळी हे अक्षर नाही. हा निर्णय ज्या बैठकीत झाला, तिचे इतिवृत्त उपलब्ध झाले तर व्याकरणशास्त्रावर उपकार होतील. शेवटी रिया येते. तिला आडनाव नाही, टिंब नाही, आणि तिची अक्षरे तीनच. चार अक्षरांचा कडक नियम तिच्यापाशी येऊन गुमान तीनवर समाधान मानतो. हे चौघेही १९९० सालीच जन्मलेले आहेत, याकडे मात्र कोणत्याही अभ्यासकाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

महाराष्ट्रात या शास्त्राला भलतेच फाटे फुटतात. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर स्वतःचे नाव आधी, आणि बँकेत खाते उघडले त्या दिवशी समोर जो कारकून बसला असेल त्याच्या मर्जीप्रमाणे. आडनाव आधी लिहिणाऱ्या पंथात देशपांडे, देशमुख आणि देशमाने या तिघांची पहिली चार अक्षरे एकच येतात: डी-ई-एस-एच. आडनाव मागे ठेवणाऱ्या पंथात श्रीकांत, श्रीधर, श्रीपाद, श्रीराम, श्रीनिवास आणि श्रीरंग ही सगळी मंडळी एस-एच-आर-आय या एकाच किल्लीवर नांदतात. ज्यांच्या वडिलांनी ‘श्री’ लिहिताना आयऐवजी दोन ई घातले, तेवढेच या गर्दीतून सुटले. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंची तर वेगळीच कथा. त्यांची मुदत ठेव माहेरच्या नावावर, पगाराचे खाते सासरच्या नावावर आणि आधार दोन्ही नावांच्या मधल्या कुठल्याशा टप्प्यावर. एक स्टेटमेंट उघडण्याआधी त्यांना आपण आज कोण आहोत हे ठरवावे लागते.

नावाचे असे. आता उरलेल्या चार आकड्यांकडे, म्हणजे जन्मतारखेकडे वळू.

१ जूनची जनता

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील एक अख्खी पिढी १ जूनला जन्मली आहे. ही निसर्गाची किमया नसून गुरुजींची आहे. शाळा जूनमध्ये सुरू होत. पोराला घेऊन आलेल्या बापाला ‘पावसाच्या आधी झालं, दुष्काळ पडला त्याच्या दुसऱ्या साली’ याहून अधिक तपशील ठाऊक नसे, आणि पहिलीत घालायला वय तर भरलेले हवे. गुरुजींनी बोटांवर हिशेब केला, पोराने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडून दाखवला, आणि रजिस्टरमध्ये १ जून पडला. त्याचे परिणाम आजही दिसतात. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे रोजी आपल्या कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची रांग लागते आणि शाल-श्रीफळांचा तुटवडा जाणवतो.

या निवृत्त मंडळींना दरमहा पेन्शन खात्याचे स्टेटमेंट मेलवर येते. ते कुलूपबंद असते. दिवस व महिना: शून्य-एक-शून्य-सहा. म्हणजे त्या काळच्या एका गुरुजींनी, हातात टाक आणि समोर पोरांची रांग असताना, पुढच्या शतकातल्या साऱ्या गावाचा पासवर्ड एकाच सकाळी ठरवून टाकला. केंद्रीकृत किल्ली-व्यवस्थापनाचे इतके व्यापक उदाहरण दुसऱ्या कोणत्या देशात असेल असे वाटत नाही. त्यातला एखादा श्रीपाद दुसऱ्या श्रीरामाचे स्टेटमेंट कोणतीही विद्या न शिकता उघडू शकतो. उघडत नाही, कारण त्याला स्वतःचेही उघडता येत नाही. नातू पुण्याहून येईपर्यंत तो थांबतो.

गणितही पाहून घेऊ. वर्षात दिवस ३६५, लीप वर्ष धरून ३६६. मेल सुरूच होतो ‘प्रिय श्रीकांत’ अशा मायन्याने, तेव्हा चार अक्षरे चोराला फुकटात मिळाली. उरल्या ३६६ शक्यता. एक छोटासा प्रोग्रॅम त्या सगळ्या तपासेपर्यंत आपला चहासुद्धा ढवळून होणार नाही. जन्मवर्षवाद्यांची स्थिती याहून बिकट आहे: हयात माणसाची जन्मवर्षे फार तर शंभर-सव्वाशे.

इथे एक बुद्धिमान शंकाकार उभा राहतो. तो म्हणतो, एटीएमचा पिनही चारच आकड्यांचा असतो, मग तो कसा चालतो? शंका रास्त आहे. पण एटीएम मोजत असते. पिन ठरावीक वेळा, बहुधा तीनदा, चुकला की कार्ड अडकवते. चोराला दहा हजारांतल्या तीनच संधी मिळतात. पीडीएफ मोजत नाही. ती एकदा चोराच्या संगणकावर जाऊन बसली की तिच्याइतका सोशिक प्राणी जगात नाही. लाख वेळा चुकीचा पासवर्ड टाका, ती लाख वेळा तितक्याच शांतपणे ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणते, बँकेला कळवत नाही आणि मालकालाही नाही. चार आकडे जिथे पुरतात तिथे ते आकडे राखण करत नाहीत, मोजणारा राखण करतो. एवढी एक गोष्ट आमच्या शंकाकाराने पदरात पाडून घेतली तरी त्याचे आजचे वाचन सत्कारणी लागले.

पॅनवादी संप्रदायाला न्याय द्यायला हवा. पॅनमध्ये दहा अक्षर-अंक असतात. त्यातले चौथे अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’ असते आणि पाचवे आडनावाचे आद्याक्षर, तेव्हा ही दोन्ही गेली. उरली तीन अक्षरे, चार अंक आणि शेवटचे पडताळणीचे अक्षर. तीन अक्षरे आणि चार अंक यांचे गुणाकार सुमारे साडेसतरा कोटी होतात, आणि शेवटच्या अक्षराने ते २६ पट वाढून ४५७ कोटींच्या आसपास जातात. १ जूनच्या तुलनेत हा बालेकिल्लाच म्हणायचा. अडचण एवढीच, की बालेकिल्ल्याची किल्ली आपण दोन लाखांवरच्या दागिन्यांसाठी सराफाला, भाडेकरारासाठी एजंटाला, फॉर्म सोळासाठी कंपनीला आणि नवे खाते उघडायला आलेल्या, पुन्हा कधीही न दिसणाऱ्या त्या टाय लावलेल्या तरुणाला दिलेली असते, तीही झेरॉक्सवर तिरकी सही करून.

पूर्वपक्ष

पूर्वपक्षी म्हणतो: कुलूप कच्चे असेल, पण मेल वाटेत कोणी वाचू नये एवढ्यापुरते ते पुरेसे आहे.

या मताची तपासणी करायची तर वाट पाहिली पाहिजे. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला मेल पाठवला, तेव्हा ते दोन्ही संगणक एकाच खोलीत शेजारी-शेजारी उभे होते. तिथे गुप्ततेचा प्रश्न उद्भवत नव्हता. खुर्ची फिरवून सांगता आले असते. पुढे १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी मेल कसा पोचवावा याची संहिता लिहिली. तिच्यात एक यंत्र दुसऱ्याला ‘रामराम’ घालते, मेल कोणाकडून आहे ते सांगते आणि दुसरे त्यावर विश्वास ठेवते. मजकूर उघडा. मधल्या प्रत्येक थांब्याला तो वाचता येई, पोस्टमनला पोस्टकार्ड वाचता येते तसा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पडद्याची सोय झाली, पण तीही आपल्याकडच्या लग्नातल्या आग्रहासारखी ऐच्छिक. एक यंत्र विचारते, ‘आपण आडोशाला बोलायचे का?’ समोरचे ‘नको’ म्हणाले तर पहिले यंत्र रागावून परत जात नाही, सगळे चव्हाट्यावर सांगून मोकळे होते. आता बहुतेक मोठ्या मेलसेवा आडोसा घेतात, त्यामुळे वाट बऱ्यापैकी निर्धोक झाली आहे.

अर्थात पूर्वपक्ष पडला. वाटेवर चोर फारसा उरलेलाच नाही. तो दोन्ही टोकांना आहे, आणि टोके म्हणजे आपण. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले, एक जीबी जागा घेऊन, आणि त्याने सांगितले की आता मेल पुसायची गरज नाही. एप्रिल फूलच्या दिवशी सांगितलेली ही गोष्ट आपण गंभीरपणे घेतली. परिणामी २०११मध्ये घरभाड्यासाठी पाठवलेले पॅनकार्ड, २०१४चे पासपोर्टचे पहिले पान, सासूबाईंचा मेडिक्लेम आणि रद्द केलेला चेक हे सगळे आपल्या ‘सेंट’ खान्यात आणि समोरच्याच्या ‘इनबॉक्स’मध्ये आजही सुखरूप आहे. आपण पाठवलेल्या गोपनीय कागदाच्या किमान दोन प्रती असतात, आणि त्यांतली आपल्या हातात नसलेली प्रत कोणाच्या हातात आहे हे त्या माणसाच्या पासवर्डवर अवलंबून असते. तो पासवर्ड बहुधा त्याच्या मुलीचे नाव असतो.

टोकाचा दुसरा धोका ‘टू’च्या रकान्यात राहतो. ‘संज’ एवढे टंकले की यंत्र स्वतःहून ‘संजय’ पूर्ण करते. हा संजय आपला सीए आहे की २००९ साली फ्लॅटची चौकशी करून गेलेला इसम, हे त्याला ठाऊक नसते. पाठवलेला मेल परत बोलावण्याची सोय असते असा एक भाबडा समज आहे. जीमेलमधली ती सोय म्हणजे फार तर तीस सेकंद मेल दारातच थांबवून ठेवणे. ऑफिसातल्या मेलव्यवस्थेत परतीचे फर्मान काढता येते, पण ते त्याच कंपनीच्या हद्दीत चालते. बाहेरच्या माणसाला नुसता निरोप जातो की अमुक यांना आपला मेल परत हवा आहे. तोवर ज्याने मेल उघडलाही नव्हता, तो आता आधी तोच उघडतो.

यावर उपाय म्हणून मेलच्या तळाशी एक मंत्र छापण्याची प्रथा पडली आहे. हा मेल केवळ संबंधितासाठी आहे, आपण तो नसाल तर वाचू नये, वाचला असल्यास विसरावा, नष्ट करावा आणि पाठवणाऱ्यास कळवावे. मंत्राचे सामर्थ्य वादातीत असले तरी स्थान चुकले आहे. तो सर्वांत खाली असतो. वाचू नये असे सांगणारे वाक्य गाठायचे तर सगळे वाचूनच खाली यावे लागते. शिवाय हाच मंत्र ‘उद्या सव्वा चारला चहा’ या मेलखालीही असतो, त्यामुळे चहाची वेळ आणि कर्मचाऱ्यांची पगारपत्रके यांच्यात कायद्याच्या दृष्टीने भेद राहत नाही.

कायद्याचेच निघाले म्हणून. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ साली जे नियम आले, त्यांत ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ कशाला म्हणावे याची यादी आहे. बँक खाते, आरोग्य, वैद्यकीय नोंदी, बोटांचे ठसे हे सगळे तिच्यात आहे. पण यादीत पहिला मान दिला आहे तो पासवर्डला. संवेदनशील माहिती जपण्यासाठी आपण मेलच्या मजकुरात लिहितो ती वस्तू, ती हीच.

क्षेत्रीय निरीक्षण

पुस्तकी चर्चा पुरे. स्थळ: तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोरचे झेरॉक्सचे दुकान. पाटीवर कलर झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पासपोर्ट फोटो, पॅनकार्ड. काउंटरच्या काचेखाली दुकानाचा मेल आयडी मोठ्या अक्षरांत चिकटवलेला, खाली ‘इथे मेल करा’ आणि बाण. संगणकावर त्या मेलचा इनबॉक्स सकाळपासून उघडा. पडद्यावर ओळीने आधार, आधार, आधार, मार्कशीट, आधार. डाव्या कोपऱ्यात ‘डाउनलोड्स’ नावाचे फोल्डर, ज्यात तालुक्याची लोकसंख्या हळूहळू गोळा होत आहे.

एक काका मेल पाठवतात. काउंटरवरचा पोरगा, नजर पडद्यावरून न हलवता:

“काका, पासवर्ड?”

“कसला?”

“आधारचा. नावाची पहिली चार, जन्मसाल.”

“लिही. एस... एच... आर... आय...”

“पुढं?”

काका घुटमळतात. आधारवर कोणते साल आहे, खरे की शाळेतले, हे त्यांना आठवत नाही. “अठ्ठावन्न टाक.”

“नाही घेत.”

मागे उभा असलेला एक अनोळखी गृहस्थ काकांकडे नीट पाहतो. “सत्तावन्न टाकून बघ रे. आमच्या थोरल्या भावाएवढे दिसतात.”

फाइल उघडते. काका त्या गृहस्थाचे मनापासून आभार मानतात.

संगणकशास्त्रात ज्याला एकेक किल्ली लावून पाहणे म्हणतात, तो हल्ला इथे रांगेतल्या एका सज्जनाने यंत्राविना, केवळ चेहरा पाहून, दुसऱ्याच प्रयत्नात यशस्वी केला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या संपूर्ण व्यवहारात पासवर्डने अडवले ते एकाच माणसाला, आणि तो कागदाचा मालक होता. दुकानदार अडला नाही, पोरगा अडला नाही, रांग अडली नाही. यावरून प्रस्तुत ग्रंथाचा मुख्य सिद्धांत निघतो: पीडीएफचे कुलूप मालकासाठी असते. चोराला जन्मतारीख पाठ असते. विसरतो तो मालक, आणि तो विसरणार हे पाठवणाऱ्याला पक्के ठाऊक असते, म्हणूनच किल्लीची कृती कुलुपाशेजारी लिहून ठेवावी लागते.

ऑग्युस्त केर्कहॉफ्स या गृहस्थांनी १८८३ साली फ्रान्समधल्या एका लष्करी नियतकालिकात असा सल्ला दिला होता, की गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी काही बिघडता कामा नये. गुपित राहावी ती किल्ली. आपल्या संस्थांनी हा सल्ला अर्धा तंतोतंत पाळला आहे. पद्धत शत्रूच्या हाती देऊन झाली आहे.

झाकलेल्या आधारचीही सोय आहे हो, पहिले आठ आकडे लपवणारी आणि शेवटचे चारच दाखवणारी. ती वापरावी. मे २०२२मध्ये प्राधिकरणाच्या बेंगळुरूच्या कार्यालयाने लोकांना तसा सल्लाही दिला, आधारच्या झेरॉक्स वाटत सुटू नका म्हणून; लोक घाबरले, आणि भलता अर्थ निघू नये म्हणून तो सल्ला लगेच मागे घेण्यात आला. काउंटरवर झाकलेले आधार दिले की ‘नंबर पूर्ण दिसत नाही’ असा आक्षेप येण्याची शक्यता गृहीत धरून दुसरी प्रत खिशात ठेवणारे धोरणी लोक आहेत. त्यांच्या दोन्ही प्रती जमा होतात.

उत्तरपक्ष

गुपित चारचौघांत कसे सांगावे याचे आपल्याकडे शास्त्र नव्हते असे नाही. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत म्लेच्छितविकल्प नावाची सांकेतिक बोलण्या-लिहिण्याची कला आहे. आणि बैलबाजारात तर हे प्रात्यक्षिक दर आठवड्याला चाले: भर गर्दीत दलाल गिऱ्हाइकाचा हात रुमालाखाली धरतो, बोटे दाबली जातात, माना हलतात, आणि भोवतीच्या पन्नास माणसांदेखत भाव ठरतो तो त्या दोघांनाच कळतो. उघड्या बाजारात, आधी काही ठरलेले नसताना, दोघांनी एक गुपित कसे तयार करायचे, हे गणिताने साधायला १९७६ साल उजाडले. डिफी आणि हेलमन यांनी रुमाल काढून टाकला आणि बोटांच्या जागी मोठमोठ्या संख्या ठेवल्या.

त्यातून पुढे सार्वजनिक किल्लीची विद्या आली. प्रत्येकाच्या दोन किल्ल्या: एक जगाला वाटायची, कोणीही ती लावून फाइल बंद करावी, दुसरी आपल्यापाशी ठेवायची, उघडते ती तिनेच. फिल झिमरमन यांनी १९९१ साली हे सामान्य माणसाच्या मेलपर्यंत आणले, आणि अमेरिकी सरकारने शस्त्रनिर्यातीच्या संशयावरून त्यांच्यामागे वर्षानुवर्षे चौकशी लावली. १९९६ साली ती सोडून दिली. सरकारने घाबरायचे कारण नव्हते. १९९९ साली व्हिटन आणि टायगर या संशोधकांनी बारा माणसांना बसवले, दीड तास दिला आणि याच साधनाने गुप्त मेल पाठवायला सांगितले. काम धड जमले ते चौघांना. तिघांनी गुपित उघडेच पाठवून दिले. आणि सात जणांनी (त्यांतले काही वरच्या हिशेबातही आहेत) मेल स्वतःच्याच किल्लीने बंद केला, म्हणजे पाठवला दुसऱ्याला पण उघडणार तो स्वतः. आमचा तहसील कचेरीसमोरचा सिद्धांत पिट्सबर्गमधल्या या विद्यापीठीय प्रयोगाची उलटी बाजू आहे: तिथे मालक सोडून सगळे अडले.

तेव्हा आजच्या गृहस्थाने करायचे काय? शास्त्रसंमत विधी असा. कागद मेलने पाठवायचाच असेल तर आधी त्यातले नको ते आकडे झाकावेत. मग फाइलला लांब, अर्थहीन आणि कोणत्याही दाखल्यावर न सापडणारा पासवर्ड घालावा; एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द ओळीने ठेवले तरी चालतात. पत्ता दोनदा वाचून पाठवावे. पासवर्ड त्या मेलमध्ये लिहू नये, दुसऱ्या मेलमध्येही लिहू नये, कारण दोन्ही एकाच इनबॉक्समध्ये जाऊन शेजारी बसतात. तो वेगळ्या वाटेने द्यावा, फोन करून, तोंडी. काम झाल्यावर दोन्ही टोकांच्या प्रती पुसाव्यात.

नाशिकचे एक निवृत्त गृहस्थ हा विधी यथासांग करतात. मृत्युपत्राचा मसुदा न्यू जर्सीच्या मुलीला पाठवायचा होता. त्यांनी फाइल बंद केली, पाच शब्दांचा पासवर्ड घातला, पत्ता चष्मा पुसून दोनदा वाचला, आणि तिची झोपेची वेळ टाळून फोन लावला. पासवर्ड एकेक अक्षर सुटे करून सांगितला, तिने तो कागदावर उतरवून घेतला. मध्ये ‘बी’ की ‘डी’ असा वाद झाला, तो बदक आणि डमरू या साक्षीदारांनी मिटवला. तिकडे फाइल उघडली.

“उघडली ना? मग आता तो कागद फाडून टाक,” ते म्हणाले.

“हो बाबा. पण मला नंतर आठवणार नाही हा. तुम्ही एकदा मेल करून ठेवता का?”

“बरं,” ते म्हणाले. “आत्ताच्याच मेलला रिप्लाय करतो, म्हणजे शोधायला नको.”